बॅग तुम्हीच भरली का?

प्रवासाला निघालेल्या जोडप्यांकडे एकदा नीट बघा. तिच्या खांद्यावर फुगलेली पर्स, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. आणि तो पाच पावलं पुढे, हात हलवत. मग त्याचं सामान कुठे आहे? तिच्या पर्समध्ये. हे आपण रोज बघतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फोरमनसाहेबांनाही वाटत नव्हतं.

कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कॉलनीत सगळे त्यांना फोरमनसाहेबच म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असंही कधी कुणाला वाटलं नव्हतं.

त्या सकाळी काकू पलंगावर सामान मांडून बसल्या होत्या. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला दिवस भरायच्या दोन आठवडे आधीच दवाखान्यात दाखल केलं होतं. मागच्या खेपेला लेकीचं बाळ वाचलं नव्हतं. तेव्हा काकू तिच्याजवळ नव्हत्या, कारण "तू जाऊन काय करणार? तिथे डॉक्टर आहेत" असं फोरमनसाहेब म्हणाले होते. या खेपेला काकूंनी विचारलंच नाही. जावयाला सांगून दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढायला लावली. हे विमान चुकलं तर पुढची जागा थेट परवा मिळणार होती.

लेकीने फोनवर यादी पाठवली होती. हातातल्या बॅगेत काय चालतं, काय चालत नाही. काकूंनी ती कागदावर उतरवून घेतली होती आणि एकेक वस्तू बघून त्यावर खूण करत होत्या. नखं कापायची कात्री मोठ्या बॅगेत. डोक्याच्या तेलाची बाटली मोठ्या बॅगेत. डोळ्यांचे थेंब पारदर्शक पिशवीत.

"परीक्षेला बसलीयस का?" फोरमनसाहेब दारातून म्हणाले. "तीस वर्षं अख्खं मशीनशॉप सांभाळलं मी. एक बॅग भरायला यादी लागते तुला."

"मग तुम्ही भरा."

"मी? माझं काय आहे त्यात?"

त्यांचं काय होतं ते ऐका. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, वाचायचा चष्मा, चार्जर, दोन रुमाल, कंगवा, मफलर, कानात घालायचा कापूस आणि शब्दकोडं भरायचं मासिक. काकूंनी सगळं मुकाट्याने पर्समध्ये कोंबलं, चेन लावली आणि त्या अंघोळीला गेल्या.

तेवढ्यात फोरमनसाहेबांना आपला चाकू आठवला. निवृत्तीच्या दिवशी कामगारांनी वर्गणी काढून दिलेला घडीचा चाकू होता तो. त्यात पातं, स्क्रूड्रायव्हर, छोटी करवत, सगळं. तो खिशात नसला की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. खिशात ठेवला तर तपासणीत सापडणार, एवढं त्यांना कळत होतं. मोठ्या बॅगेत ठेवला तर वाटेत कुणीतरी लांबवेल, असा त्यांचा जगावर विश्वास. शेवटी त्यांनी काकूंच्या पर्सची चेन उघडली, चाकू तळाशी सरकवला आणि चेन परत लावली. बायकांच्या पर्सा कोण उचकतंय!

हा माणूस मूर्ख नव्हता, हे लक्षात घ्या. सापडलं तर आपल्याकडे सापडायला नको, एवढा हिशेब त्याने बरोबर केला होता.

विमानतळावर मोठी बॅग काकूंच्या तिकिटावर चढली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बॅगा तुम्हीच भरल्या का?"

"हो," काकू म्हणाल्या. त्यांच्या परीने ते खरंच होतं.

"नसते प्रश्न," फोरमनसाहेब पुटपुटले. "आम्ही काय चोर आहोत?"

सुरक्षा तपासणीला पुरुषांची रांग भराभर सरकत होती. फोरमनसाहेबांनी पट्टा काढला, बूट काढले, तपासणाऱ्या जवानाला "जरा माणसासारखा हात लाव" असं सुनावलं आणि दोन मिनिटांत पलीकडे जाऊन बूट चढवून, पट्टा आवळून उभे राहिले. काकू बायकांच्या रांगेत, पडद्यामागून तपासून घेऊन अनवाणी बाहेर आल्या, तेव्हा त्यांचा ट्रे तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावरून वेगळा काढला गेला होता.

"ही पर्स कुणाची?" तपासणीच्या टेबलामागच्या बाईंनी विचारलं. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं, आवाजात गोडवा औषधालाही नाही.

"माझी."

"आत काय आहे? धारदार काही?"

"नाही हो. यादी करून भरलीय."

बाईंनी एकेक वस्तू काढत तळ गाठला आणि चाकू टेबलावर ठेवला. मागच्या रांगेतून कुणीतरी चक् केलं. एक जण म्हणाला, "अशा लोकांमुळे उशीर होतो." काकूंनी चाकू ओळखला. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो दहा पावलांवर उभा होता आणि विमानांच्या वेळांचा फलक अगदी मन लावून वाचत होता.

आणि मग काकूंनी तेच केलं, जे त्या पस्तीस वर्षं करत आल्या होत्या.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "फळं कापायला घेतला. विसरले."

बाईंनी चाकू उजेडात धरला. मुठीवर अक्षरं कोरलेली होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "'आमच्या फोरमनसाहेबांना, मशीनशॉपच्या कामगारांकडून.' काकू, तुम्ही फोरमन होतात?"

काकूंची नजर पुन्हा फलकाखालच्या नवऱ्याकडे गेली.

"नुसता चाकू असता तर पेटीत टाकून घेतला असता आणि सोडलं असतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही खोटं बोललात. आता माझे साहेब येणार, जबाब होणार. ज्याचा आहे त्याने येऊन सांगितलं तर तुम्ही मोकळ्या. नाहीतर तुमचं नाव लिहावं लागेल मला."

"माझं विमान..."

"ते मला नका सांगू. ज्याने ठेवला त्याला सांगा." मग त्यांनी आवाज चढवला, आता तो थेट फलकाच्या दिशेने होता. "रोज असे पाच-दहा येतात माझ्याकडे. लायटर साहेबांचा, पर्स बाईंची. दारूची बाटली साहेबांची, पिशवी आईची. आणि पकडलं की साहेब फलक वाचत उभे! घरात ओझं बाईचं, बाहेर गुन्हाही बाईचाच. आम्ही बॅग कुणी भरली ते विचारतो, तेव्हा लोकांना वाटतं उगाच विचारतात. कारण जिच्या बॅगेत सापडतं, तिच्याच नावाने लिहिलं जातं, काका. पुढे चाकूऐवजी दुसरं काही निघालं, तर ती तुरुंगात जाईल आणि तुम्ही डबा घेऊन भेटायला."

सगळी रांग फोरमनसाहेबांकडे बघत होती. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. राग होता, लाज होती. कुठलं जास्त ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, त्याला सगळ्यांसमोर स्वतःची एक कबूल करवेना. ते पुन्हा फलकाकडे वळले.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. लेक होती.

"बाबा, आई फोन उचलत नाहीये. डॉक्टर म्हणतायत आजच. निघालात ना?" ती रडत होती. "आईला द्या ना जरा. मला खूप भीती वाटतेय."

फोरमनसाहेबांनी टेबलाकडे पाहिलं. गार फरशीवर बायको अनवाणी उभी होती. तिच्या चपला अजून ट्रेमध्ये होत्या. आणि आपले बूट? आपल्या बुटांची तर नाडीसुद्धा नीट बांधलेली! मागच्या खेपेला लेक अशीच रडली होती आणि तेव्हाही आईला आपणच अडवलं होतं. आज दुसऱ्यांदा अडवत होतो.

"येतेय आई," ते म्हणाले. "ती येतेय." आणि फोन ठेवून टेबलापाशी गेले.

"माझा आहे चाकू. मीच ठेवला. तिला माहीतही नव्हतं."

"मोठ्याने बोला. साहेब आले आहेत."

ते मोठ्याने बोलले. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "काकू, तुम्ही जा. गेट बंद व्हायला दहा मिनिटं आहेत. काका, तुम्ही बसा. जबाब लिहायचाय."

"मग मी कसा जाणार?"

"पुढच्या विमानाने."

फोरमनसाहेब बायकोकडे वळले. सवय कुठे जाते? "अगं, मग तू पण थांब. एकटी कशी जाशील? सोबतच जाऊ परवा."

"नाही," काकू म्हणाल्या.

हा शब्द त्यांनी इतक्या वर्षांत किती वेळा उच्चारला असेल कोण जाणे. त्यांनी चपला घातल्या. मग टेबलावरच्या वस्तू पर्समध्ये भरायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. एक रिकामा ट्रे ओढून त्यात एकेक ठेवू लागल्या. गोळ्या. चष्मा. चार्जर. कंगवा. रुमाल. दुसरा रुमाल. मफलर. कापूस. मासिक. ट्रे भरला आणि पर्स लुळी पडली. आत उरलं काय? त्यांचा फोन, ओळखपत्र, बोर्डिंग पास, थेंबांची पिशवी आणि बाळासाठी विणलेली एक लोकरी टोपी.

"हे तुमचं," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाने तुम्ही काय काय ठेवलंत, ते मी पस्तीस वर्षं वाहिलं. आता माझ्याच्याने होणार नाही. गोळी जेवल्यावर घ्यायची असते, आधी नाही."

त्या वळून बघितल्याशिवाय गेटकडे चालू लागल्या. धावल्या नाहीत, पण झपझप गेल्या. हलक्या पर्सने चालता येतं तसं.

जबाब तासभर चालला. चाकू पेटीत पडला. सुटल्यावर फोरमनसाहेब ट्रेकडे बघत राहिले. सामान न्यायला त्यांच्याकडे साधी पिशवीसुद्धा नव्हती. कपडे मोठ्या बॅगेतून विमानात गेले होते. टेबलामागच्या बाईंनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे सरकवली. त्या पिशवीत गोळ्या आणि चष्मा घेऊन, सगळ्यांना दिसेल असं, ते विमानतळाबाहेर आले.

संध्याकाळी नात झाली. दोघी सुखरूप. काकू वेळेवर पोहोचल्या होत्या, लेकीचा हात हातात होता. ही बातमी जावयाने कळवली. काकूंनी फोन केला नाही.

दोन दिवसांनी फोरमनसाहेबांनी कपाटावरून कारखान्यात डबा न्यायची जुनी खांद्याची बॅग काढली. काकूंची यादी पलंगावर तशीच पडली होती. तीच समोर ठेवून त्यांनी बॅग भरली. दाढीचा फेस न चालणाऱ्या वस्तूंत निघाला, तो काढला. तासभर लागला. एका माणसाची बॅग भरायला तास लागतो, हे त्यांना साठीनंतर कळलं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "बॅग तुम्हीच भरली का?"

"हो," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."

दवाखान्याच्या खोलीत शिरल्यावर त्यांनी सवयीने बॅग बायकोपुढे धरली. काकूंनी हात पुढे केला नाही. त्यांच्या मांडीवर लोकरी टोपीतलं बाळ होतं.

"चुकलो मी," फोरमनसाहेब म्हणाले. लेकीसमोर, जावयासमोर म्हणाले.

काकूंचा राग अजून गेला नव्हता, आणि तो इतक्यात जावा तरी का? "बॅग खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हाताने. हात धुवा. मग हिला घ्या."

वाचकहो, फोरमनसाहेब तुमच्या-आमच्यापेक्षा वाईट नव्हते, म्हणून तर हे सांगायचं. आपली वस्तू, आपली चूक आणि तिचा जाब, हे तिन्ही ज्याचं त्याने वाहायचं असतं. सोबत म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर आपलं ओझं नव्हे. आज घरी गेलात की तिची पर्स तिला विचारून उघडा आणि आत तिचं स्वतःचं किती आहे ते बघा. बाकीचं काढून घ्या. विमानतळावरच्या बाईंनी काढायच्या आत.