न पुसलेलं वाक्य

मित्रांनो, मी पनवेलच्या एका शाळेतला जुना फळा आहे. पण जन्माने मचव्याची, म्हणजे मोठ्या होडीची, फळी. म्हणून माझ्या बोलण्यात मीठ जरा जास्त. करंज्याच्या पाण्यात एकदा मला एक जिताडा मासा धडकला, त्याची सावली थेट मोऱ्याच्या धक्क्यावर पडली होती. हसू नका. पुढे मचवा मोडला, सुताराने मला तासून काळा रंग दिला आणि मी इंग्रजी शिकवू लागलो. शिकवत काशिराम गुरुजी, पण अंगावर सगळं माझ्याच!

गुरुजी वर्तमानकाळातली वाक्यं भूतकाळात करायला लावत. कोळीवाड्यातली दमयंती त्यात तरबेज. एका सकाळी वाक्य आलं, ‘माय फादर मेन्ड्स द नेट’, म्हणजे माझे वडील जाळं शिवतात. तिचा खडू थांबला.

“कर की. रोज तर पटापट करतेस.”

“याचा भूतकाळ नाय करायचा, गुरुजी. बाबा दर्यावर हाय. आजी सांगते, होडी लागंपर्यंत त्याचं काय पन झालं-सरलं बोलायचं नाय. आमी रोज त्याचं ताट वाढतो.”

“मग ते मांजर खातं?” मागून जगनने विचारलं.

“मांजर पन घरातलंच हाय.”

दर्यावर वादळ होऊन गेलं होतं. बाकी होड्या परतल्या होत्या. तिच्या बाबाची, म्हणजे दादूची, तेवढी नव्हती. गुरुजींनी मला स्वतः पुसलं, ते एक वाक्य सोडून. मग रोज गणितं, नकाशे, सगळं त्याच्या कडेकडेने दाटीवाटीने बसू लागलं. जगनसुद्धा फडकं जपून फिरवी.

आणि एका दुपारी दादू दारात उभा राहिला. ओठ फुटलेले, खांद्यावर जाळ्याच्या चिंध्या. दमयंती त्याला बिलगली, मग धावत येऊन तिने ‘मेन्ड्स’ पुसलं आणि ‘मेन्डेड’ लिहिलं.

“काय लिवलंस गो?”

“बाबानं जाळं शिवलं.”

“कुटं शिवलंय? यातून मचवा जाईल.”

गुरुजी हसता हसता डोळे पुसू लागले. दादू तिथेच पायरीवर बसून जाळं शिवू लागला. दमयंतीने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि पुन्हा ‘मेन्ड्स’ लिहिलं.

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे, रंगाचे पोपडे निघालेत. जमलं तर एक हात रंग द्या. नाही जमलं तरी चालेल. पण कुठलाही फळा पुसण्याआधी एकदा वर्गाला विचारा. कुणाचं तरी माणूस अजून वाटेवर असेल.