नेवेनाची ठिणगी

रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रोदोपी डोंगरातलं ते सगळं गाव तिथं लोटलं होतं. गेलेल्यांचे आत्मे दाखवतो म्हणणारा झाहारीबाबा पडद्यावर आकाशाचे फोटो दाखवत होता.

"हा आधीचा. इथं काय दिसतं? काळोख. आणि हा नंतरचा."

काळोखात एक तांबूस ठिणगी उमटली.

"दाफिनाबाई, तुमची नेवेना गेली त्याच दिवशी ही पेटली. ती तिथून तुम्हाला बघतेय."

दाफिना त्या ठिणगीकडे डोळे लावून बसली होती. गेल्या फेब्रुवारीत बर्फावरून बस घसरली आणि तिची सतरा वर्षांची लेक गेली. 'औषधं जिवाला मातीत बांधून ठेवतात' असं बाबानं सांगितल्यापासून तिनं हृदयाच्या गोळ्याही सोडल्या होत्या. ओठ निळसर पडले होते.

मागे कालिना उभी होती. दाफिना तिची सख्खी मावशी. क्षणभर तिलाही वाटलं, पडद्यातून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. मग तिनं ती ठिणगी ओळखली. डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत ती नोकरीला होती आणि हा फोटो तिनंच काढला होता.

ती पुढे झाली. "बाबा, या फोटोखालची पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी, पोरी?"

"तारखेची. आमच्या वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोखाली असते. तुम्ही ती कापलीत." तिनं फोनवरचा मूळ फोटो मावशीसमोर धरला. "बघ, नऊ ऑक्टोबर. नेवेना जायच्या चार महिने आधी. ही ठिणगी दिसली तेव्हा ती जिवंत होती, मावशी."

"आत्म्याला तारखा नसतात," बाबा हसून म्हणाला.

"मग मघाशी 'त्याच दिवशी' कसं म्हणालात?" पोस्टमन इलियानं बसल्या जागेवरून विचारलं. बाबा वायरी गुंडाळू लागला.

कालिना लोकांकडे वळली. "फार पूर्वी एक तारा फुटला. त्याचा धक्का अजून पसरतोय. वाटेत दाट वायू लागला की तो तापून उजळतो, वर्ष-दोन वर्षांत निवतो. तो उजेड इथं पोचायलाच हजारो वर्षं लागतात. दोन जुने-नवे फोटो शेजारी ठेवले की कुठंतरी नवा ठिपका सापडतोच. ज्यांच्या घरी दुःख, त्यांना हे बाबा तो ठिपका दाखवतात."

"आता कशी आहे ती?" दाफिनानं विचारलं. "ती ठिणगी."

खोटं बोलणं सोपं होतं. पण कालिना म्हणाली, "विझत आलीय."

"म्हणजे परत गेली माझी पोर."

"ती तिथं नव्हतीच गं."

दाफिनाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून हॉलमधलं कुणीही हललं नाही. बाबा मागच्या दारानं सटकला, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी कालिनानं डॉक्टरांना घरी आणलं. त्यांच्यासमोरच दाफिनानं हृदयाची गोळी पुन्हा घेतली. पाचव्या दिवशी शेजारची वासिल्का आली. तिच्या नवऱ्याचीही ठिणगी बाबानं दाखवली होती.

"त्या पोरीनं गप्प बसायला हवं होतं," वासिल्का म्हणाली. "निदान बघायला काहीतरी होतं."

दाफिनानं तिला जवळ बसवून घेतलं. "मलाही तसंच वाटतं, रोज. पण आपली माणसं गेलीत, वासिल्का. रडायचं तर दोघी मिळून रडू. कुणाच्या सांगण्यावरून मरायचं मात्र नाही."