माझ्या तोंडावरचे खोटे दगड

मी भिंत बोलतेय. गोड बोलणार नाही. गोड ऐकायचं असेल त्यांनी खिडकीकडे जावं. ती वाऱ्याशीसुद्धा लाडात येते.

मी दगडाची आहे. रस्त्याकडची, सगळ्या घराचा भार पेलणारी. मला बांधणारा गवंडी एकदा हातात घेतलेला दगड खाली टाकत नसे. फिरवून फिरवून त्याची जागा शोधायचा. माझ्या अंगाला लावायचा चुना त्याने वर्षभर पाण्याखाली मुरवला. मालक घाई करू लागला, तेव्हा म्हणाला, "चुना तयार झाला की बोलावतो. तोवर घरी बसा." मालक मुकाट घरी बसला.

जमिनीतलं पाणी माझ्या अंगात चढतं. दगडी भिंतीच्या नशिबी ते असतंच. पण चुन्यातून ते बाहेर पडायचं. ऊन लागलं की मी मोकळी. अशा तीन पिढ्या काढल्या. कुणाकडे कधी कुरकुर केली नाही.

आता या घरात आत्या, म्हणजे त्या मालकाची नात, एकट्याच राहतात. माझ्या आतल्या बाजूला टेकून त्यांचा पलंग आहे. माझा चुना जागोजागी सुटायला लागला, तेव्हा त्यांनी दोघांना बोलावलं. एक त्या गवंड्याचा नातू. तोही गवंडी, तोही आता म्हातारा. दुसरा त्यांचा भाचा. वय पंचेचाळीस, डोक्यावर टक्कल, पण आत्यांचा तो बाळ्याच. जुनी घरं जशीच्या तशी जपून देतो, अशी त्याची पाटी आहे.

गवंड्याने माझ्यावर हात फिरवला. म्हणाला, "चुनाच लावायला हवा. सहा महिने लागतील."

"मिस्त्री, सहा महिन्यांत लोक नवं घर बांधून राहायला जातात," भाचा म्हणाला. "आत्या, सिमेंट मारतो. पंधरा दिवसांत भिंत ठणठणीत."

"सिमेंटखाली ती कोंडेल."

"का? भिंतीला दमा आहे?"

आत्या हसल्या. ते हसू मी विसरलेले नाही. गवंडी चहाला न थांबता निघून गेला.

सिमेंट मारलं. तेही सोसलं असतं. पण नंतर भाच्याने खिळा घेऊन ओल्या सिमेंटवर रेघा ओढल्या, आडव्या, उभ्या. दगडाचं चित्र! माझ्या पोटात खरे दगड, आणि तोंडावर हे खोटे. वर आत्यांना म्हणतो, "बघ, जुनं रूप राखलं की नाही?"

त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

मी थांबले. थांबण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पाणी चढत राहिलं, बाहेर पडायला वाट नव्हती, मी ते साठवत गेले. तीन वर्षं. आतून पलंगापाशी ओल आली, आत्या खोकायला लागल्या. मला वाईट वाटलं. फार नाही. हसल्या होत्या त्या.

एक भीती मात्र होती. अंगावरचं सिमेंट झटकून टाकलं की भाचा म्हणणार, भिंत गेली, पाडा. सूड घ्यायचा तर जीव पणाला लावायचा होता. लावला.

एका सकाळी भाचा गिऱ्हाईक घेऊन आला. नवरा-बायको होते, त्यांचंही जुनं घर होतं. "हे आमचं काम," म्हणत त्याने माझ्यावर ऐटीत थाप मारली.

मी सोडून दिलं.

दारापासून कोपऱ्यापर्यंतचा पापुद्रा एकदम खाली आला. भाचा उडी मारून मागे सरला; बूट तेवढे ढिगाऱ्यात अडकले. धूळ बसली. बाई वाकून बघत म्हणाल्या, "अहो, आत तर खरेच दगड आहेत! मग वर खोटे कशाला काढलेत?"

भाचा मोज्यांवर उभा. गिऱ्हाईक गेलं ते गेलं.

"आत्या, भिंत कुजलीय," तो म्हणाला. "उद्याच पाडू."

आत्यांनी माझे उघडे पडलेले दगड हाताने चाचपले. मग स्वतः चालत गवंड्याच्या घरी गेल्या. त्या वयात, खोकत.

गवंडी आला. सांध्यात थापीचं टोक खुपसून पाहिलं, हलेना. "दगड जागचा हललेला नाही. हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "पण मी हात लावणार नाही. ज्याने कोंडलं, त्याने सोडवावं. मी नुसतं सांगेन."

"मी? छिन्नी घेऊन? आत्या, लोक काय म्हणतील?"

"लोक बघून गेले, बाळ्या," आत्या म्हणाल्या. "लाग कामाला."

महिनाभर त्याने छिन्नीने उरलेलं सिमेंट काढलं. प्रत्येक घाव मलाही लागत होता. त्याच्या तळहाताला फोड आले, मला बरं वाटलं. मग मी वाळेपर्यंत गवंड्याने त्याला वाळू चाळायला बसवलं. गेल्या आठवड्यात चुन्याचा पहिला हात लागला. नवा चुना भराभर वाळला तर तडकतो. रोज पाणी मारावं लागतं.

आत्यांचा खोकला कमी झालाय. त्यांच्याशी माझं भांडण मिटलं.

भाच्याशी मिटलेलं नाही. तुम्हीही ऐकून ठेवा. जुन्या भिंतीला हात लावायचा तर आधी तिच्या पोटात काय आहे ते विचारा. आम्ही विसरत नाही.

रोज सकाळी तो बादली घेऊन माझ्यासमोर उभा राहतो. पाणी मारतो आणि विचारतो, "मिस्त्री, आता तरी पुरे?"

गवंडी माझ्याकडे बघतो. मी सगळं पाणी पिऊन टाकलेलं असतं.

"आण आणखी," तो म्हणतो.