चाळीस मीटरवरची पोल

मित्रांनो, मी एक जुना रडार आहे. आभाळात विमानं शोधणारा नव्हे; माझा जन्म खाली मान घालून चालण्यासाठी झाला. चार चाकं, पिवळी पेटी आणि छोटा पडदा एवढाच माझा संसार. मी जमिनीत लहरी सोडतो, परत येणारे पडसाद ऐकतो आणि पडद्यावर रेषा काढतो. बोलता मात्र येत नाही. माझी रेष दुसऱ्या कुणी वाचावी लागते, हेच माझं जन्माचं दुखणं.

इंदूरजवळच्या राऊच्या एका कॉलेजात मी आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला, फोटो निघाले. आठवड्याभरात सगळे पांगले. उरले ते प्रयोगशाळेतले नाना. त्यांचं घराणं चार पिढ्या इंदुरातल्या बडा गणपतीजवळ राहिलेलं, त्यामुळे बोलणं पक्कं इंदुरी. नदीचे बांध तपासायला त्यांनी मला अकरा वर्षं फिरवलं. इथली काळी माती माझा आवाज गिळून टाकते. रेष नीट उमटली नाही की नाना म्हणत, "चल भिया, अजून एक चक्कर मारू." मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा जगात तोच एक माणूस.

यंदा मार्चमध्ये आम्ही एका जुन्या बांधावर गेलो. बांधाला लागून वस्ती आणि वस्तीत शांताबाईंची अंगणवाडी. बांधाच्या टोकापासून चाळीस मीटरवर माझ्या पडद्यावर उपड्या वाटीसारखी रेष उमटली. घुशींनी बांध आतून पोखरला होता. नानांनी वहीत लिहिलं, 'चाळीस मीटर, पोल.' मग शांताबाईंना म्हणाले, "फिकर मत करो बाईजी, बारिश के पहले भरवा देंगे."

एप्रिलअखेर नाना निवृत्त झाले. त्यांच्या जागी सांगलीहून आलेल्या शमिकामॅडम बसल्या. हुशार आणि कामाला वाघ. पण अहवाल लिहिताना त्यांनी वहीतला 'पोल' विजेचा खांब समजला. बांधावर खांब होतेच, आणि खांबाचे पडसादही असेच वाटीसारखे दिसतात. त्यांनी ती खूण खोडली आणि लिहिलं, 'बांध सुस्थितीत.' मी तीन हातांवर कपाटात होतो. ओरडावंसं वाटलं, पण बंद यंत्राचं कोण ऐकणार? सव्वा महिना मी अंधारात त्या अंगणवाडीतल्या मुलांचा विचार करत बसलो. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला नाना आले. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्या खिशात राहून गेली होती, ती परत द्यायला. जाता जाता त्यांनी विचारलं, "मॅडमजी, ती पोल भरली का?"

"तो पोल? तो विजेचा आहे ना, नाना?"

"अहो, विजेचा कशाला! पोल म्हणजे अंदर से खाली, आतून पोकळ. ढोल में पोल म्हणतात ना, ती!"

शमिकामॅडमनी सांगलीत पुराचं पाणी घरात शिरताना पाहिलं होतं. "चुकलं माझं, नाना," म्हणाल्या, आणि त्याच किल्लीनं त्यांनी माझं कपाट उघडलं.

त्या दुपारी चाळीस मीटरवर मी पुन्हा तीच रेष काढली. खणलं, तर नानांचा हात खांद्यापर्यंत आत गेला. चार दिवसांत ती पोकळी भरली. पुढच्या आठवड्यात नदी बांधाला घासून वाहिली. अंगणवाडीत पाणी आलं नाही.

नंतर नवं यंत्र आलं. माझी बॅटरी त्याला चालते म्हणून काढून नेली आणि मी परत कपाटात आलो. नानांचे गुडघे दुखतात. राऊपर्यंत येणं आता त्यांना जमत नाही. बॅटरीची जागा माझ्या पोटात रिकामी आहे. ही मात्र नानांची पोल, विजेचा पोल नव्हे.

मित्रांनो, बांध बाहेरून नेहमी धडधाकटच दिसतो. माणसंही तशीच दिसतात. न कळलेला शब्द विचारायला लाजू नका, आणि जुना माणूस किल्ली द्यायला येईल म्हणून वाट बघू नका; आपणच जा. बडा गणपतीकडे गेलात तर नानांना गाठा. म्हणावं, भियानं विचारलंय, अजून एक चक्कर मारायची का?