भागिले तीन

“सोळा,” ती म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. एकवीस गं बाई, एकवीस! ओठांवर आलेलं तसंच गिळलं, कारण बाहेरून आलेल्या परीक्षक बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात मीच तयार केलेली उत्तरांची यादी होती. पाचशे मिलीची सलाईनची बाटली, आठ तासांत संपवायची, तर मिनिटाला थेंब किती? उत्तर एकवीस. सकाळपासून अकरा मुली येऊन गेल्या. अकराही जणींनी खाटेवरच्या रबरी पुतळ्याला बाटली लटकवली, एकवीस म्हणाल्या, नळीवरचं चाक फिरवून थेंब लावले आणि गेल्या. हिशेबाला कुणाला अर्धं मिनिटही लागलं नाही. आणि ही बारावी! हिने सलाईनच्या नळीचा सेट ज्यात येतो ते पाकीट उलटंपालटं करून वाचलं, कागद मागितला, बोटांवर मोजलं, खोडलं, पुन्हा मोजलं, आणि सात मिनिटांनी सांगितलं काय, तर सोळा.

तिची ही तिसरी आणि शेवटची खेप होती. या परीक्षेत तीनदा नापास झालेल्या मुलीचं नाव पटावरून कमी होतं. आमच्या नर्सिंग शाळेचा तसा नियम आहे आणि तो मीच आग्रहाने करून घेतलेला आहे. ज्या मुलीला थेंबांचा हिशेब येत नाही तिने माणसाच्या शिरेला हात लावू नये, असं माझं मत. ते आजही बदललेलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. मुली मला पाठीमागे पाढेबाई म्हणतात. मला ठाऊक आहे आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही. तोवर सव्वीस वर्षं मी हा एकच हिशेब शिकवत आले होते. वॉर्डात कुणाचं अडलं की अजूनही फोन येतो, “बाई, एक लिटर, दहा तास?” आणि मी भाजी निवडता निवडता सांगते, “तेहतीस.” याची युक्ती अगदी साधी. आमच्या रुग्णालयात येणाऱ्या सेटमधून एका मिलीचे वीस थेंब पडतात. त्यामुळे तासाला जितके मिली द्यायचे, त्याला तीनाने भागलं की मिनिटाचे थेंब मिळतात. गुणाकार नको, शून्यांची रांग नको. प्रात्यक्षिकाच्या खोलीत फळ्याच्या वर मी स्वतः स्टुलावर चढून पांढऱ्या तेलरंगाने लिहून ठेवलं होतं: तासाचे मिली भागिले तीन. वीतभर उंचीची अक्षरं. बावीस वर्षांत एक टवकाही उडाला नव्हता.

एवढा सोपा नियम या पोरीच्या डोक्यात शिरत नव्हता. म्हणजे मला तसं वाटायचं. वर्गात पहिल्याच आठवड्यात तिने हात वर केला होता.

“बाई, तीनच का?”

“कारण मी सांगते म्हणून.”

सगळा वर्ग हसला. तीही हसली, खाली बसली, आणि वहीत पुन्हा आपला लांबलचक हिशेब मांडू लागली. सगळ्या बाटलीचे थेंब किती, सगळ्या तासांची मिनिटं किती, मग याला त्याने भागायचं. तेही बोटांच्या पेरांवर मोजून. मुलींनी तिचं नाव बोटमोजी ठेवलं. मी थांबवलं नाही. उलट एकदा मीच म्हणाले, “अगं, पेशंट बरा होऊन घरी जाईल, तोवर तुझी बोटं चालूच असतील!” तेव्हा मात्र ती हसली नाही. तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. पहिल्या दोन खेपांना दहा मिनिटांची वेळ संपली तरी तिच्या कागदावर नुसती खाडाखोड होती आणि उत्तराची जागा कोरी.

तिची आई आमच्याच रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. परीक्षेच्या दिवशी पोरीचा गणवेश असा कडक करून आणते की मेट्रनने बघत राहावं. त्या दिवशीही ती चादरींची गाडी घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. सकाळी मी जाताना हळूच म्हणाली, “बाई, होईल ना हो तिचं? रात्रंदिवस तेच बडबडते.” मी म्हटलं, “बघू.” दुसरं काय म्हणणार? मनातून मी पोरीवर पाणी सोडलं होतं.

तर सोळा. परीक्षक बाईंनी यादी पाहिली, लाल पेन उचललं आणि तरीही भल्या बाई म्हणून विचारलं, “उत्तर चुकलंय. पुन्हा एकदा बघतेस का?”

पोरीने आपल्या कागदावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग ती म्हणाली, “नाही चुकलं, बाई. मी मांडून दाखवू?”

“दाखव.”

“बाटलीत पाचशे मिली. या सेटमधून एका मिलीचे पंधरा थेंब. म्हणजे सगळे मिळून साडेसात हजार थेंब. आठ तासांची मिनिटं चारशे ऐंशी. भागलं की पंधरा येतात आणि वर अर्ध्याहून जास्त उरतं. म्हणून सोळा.”

आता मला राहवेना. “पंधरा कुठून काढलेस? वीस! आपल्याकडे वीसचाच सेट असतो. सव्वीस वर्षं!”

“हो बाई. पण यावर पंधरा लिहिलंय.”

तिने ते फाडलेलं पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी चष्मा सारखा केला. पाकिटाचा रंग तोच, कडेची निळी पट्टी तीच, आकारही तोच. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत थेंबाचं चित्र आणि त्याच्यापुढे आकडा. पंधरा.

तोंडात मारल्यासारखं झालं. तो खोका सोमवारी स्टोअरमधून आला होता. आला तेव्हा सही मी केली होती. सकाळी बारा सेट मोजून मांडले तेही मी. आणि एकदाही, एकदाही वाचलं नव्हतं. वाचायचं काय त्यात, माझ्याच ओळखीचं पाकीट ते!

परीक्षक बाईंना सगळं लगेच कळलं. त्या माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाल्या, “स्टोअरने माल बदलला, त्यात तुमचा काय दोष? असं करू, हिला पाचसहा गुण कृपेचे देऊन पास करू. त्या अकरा जणींचे कागद आहेत तसे राहू देत. उगीच बोभाटा नको, आणि मला दुपारची गाडी पण गाठायचीय.”

खरं सांगते, माझी मान हो म्हणायला निघाली होती. पोरगी पास, मुली खूश, बाईंना गाडी आणि माझी अब्रू शाबूत. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. सव्वीस वर्षांची पाढेबाई परीक्षेच्या दिवशी स्वतःच्याच यादीत आपटली, हे कुणी ऐकायचं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती पोरगी बोलली.

“बाई, वॉर्डात पण हेच सेट गेले असतील का हो?”

खोलीत दोन शिकलेल्या बाया बसून गुणांचा आणि गाडीचा विचार करत होत्या, आणि जिचं नाव पटावरून जाणार होतं तिला त्याच वेळी खाटेवरचा माणूस आठवला.

“चल माझ्याबरोबर,” मी म्हटलं. परीक्षक बाईंना सांगायलाही थांबले नाही. दोन जिने या गुडघ्यांनी कशी चढले ते माझं मलाच माहीत.

पुरुषांच्या वॉर्डात त्या सकाळी तीन सलाईनं चालू होती. तिन्ही निळ्या पट्टीची. पहिल्या दोघांना फारसा फरक पडणार नव्हता. तिसऱ्या खाटेवर एक म्हातारे शिंपीकाका होते. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की बाटली आठ तासांच्या आत संपता कामा नये. आमच्याकडे बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून तासातासाच्या रेघा मारतात. अकरा वाजले होते आणि पाणी बाराच्या रेघेवर पोचलं होतं.

“सिस्टर, हे एकवीसने चालू आहे?”

“हो बाई, आठला लावलं. तुमच्याच नियमाने, तीनाने भागून. जरा पुढे पळतंय खरं, मला वाटलं माझी पट्टीच तिरकी लागली.” ती सिस्टर माझीच विद्यार्थिनी, दहा वर्षांपूर्वीची. तिने स्वतःची पट्टी चुकीची ठरवली, पण माझ्या नियमावर शंका घेतली नाही. मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

काका उशीला टेकून बसले होते. “मुली म्हणतात त्या पाढेबाई स्वतः आल्या! म्हणजे आज मी मोठा माणूस झालो की काय?” ते म्हणाले. पण वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा दम घ्यावा लागला.

मी डॉक्टरांना बोलवायला सिस्टरला पिटाळलं आणि पोरीला म्हटलं, “बंद कर.” तिने ताबडतोब चाक आवळलं. काकांना उठवून ताठ बसवलं, पाठीमागे उशा दिल्या. डॉक्टरांनी येऊन छाती तपासली, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, “वेळेवर आलात. बाटली अशीच संपली असती तर अवघड होतं.” तासाभराने पुन्हा सुरू करायला सांगितलं, त्याहून हळू. तासाला चाळीस मिली. माझ्या जिभेवर तेरा आलं होतं. मी जीभ चावली आणि पोरीकडे बघितलं. तिने आधी पाकीट वाचलं. मग बोटं चालली, ओठ हलले.

“दहा,” ती म्हणाली. तास भरल्यावर चाक सैल केलं आणि घड्याळ धरून पुरं एक मिनिट थेंब मोजले. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बोटांची घाई झाली नाही.

खाली आलो तेव्हा बाकीच्या अकराही मुली प्रात्यक्षिकाच्या खोलीत जमलेल्या होत्या. बातमी आमच्याआधी जिने उतरली होती. परीक्षक बाई पर्स घेऊन उभ्याच होत्या. मी दार लावलं नाही. मुद्दामच.

“बाई, उत्तरांची यादी चुकीची आहे. चूक माझी. सेट पंधराचा आहे आणि मी तो न वाचता मांडला. अकरा जणींची परीक्षा पुन्हा होईल, आत्ता, नव्या पाकिटांवर. आणि या मुलीचं एकटीचं उत्तर बरोबर आहे.”

“मग हिला गुण?”

“पुरते. कृपेचा एकही नको.”

परीक्षक बाईंनी पर्स खाली ठेवली, लाल पेनाने सोळाला गोल केला आणि पुढे पन्नासपैकी पन्नास लिहिलं. त्यांची गाडी चुकली.

पोरगी व्हरांड्यात गेली. मी खिडकीतून बघत होते, लपूनछपून नाही, सरळ. आईने आधी तिची कॉलर नीट केली, जणू परीक्षा अजून व्हायचीच आहे. मग विचारलं. पोरीने काहीतरी सांगितलं. आईने गाडीतली वरची चादर उचलून तोंडाला लावली, मग ती धुतलेली आहे हे लक्षात येऊन पटकन पुन्हा घडी घातली. माझी छाती अशी फुगून आली म्हणून सांगू! माझ्या हाताखालून चारशे मुली गेल्या. कुणी मेट्रन झाल्या, कुणी परदेशी गेल्या. त्या कुणाचाही इतका अभिमान मला वाटला नव्हता. आणि तिला मी काय शिकवलं होतं? काहीच नाही. तिने माझ्यापासून स्वतःला वाचवलं होतं.

संध्याकाळी मी स्टुलावर चढून सुरीने फळ्याच्या वरचा तेलरंग खरवडत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

“बाई, राहू द्या की. वीसच्या सेटला ते बरोबरच आहे.”

“बरोबर आहे म्हणून तर कुणी पाकीट वाचत नाही. तू स्टूल धर.”

तिने स्टूल धरलं. अक्षरं निघाली, पण खालचा चुनाही निघाला, आणि भिंतीवर एक लांबट खडबडीत डाग राहिला. रंगारी दोनदा विचारून गेला. मी त्याला हात लावू दिला नाही.

यंदा माझी शेवटची तुकडी. थेंबांच्या पहिल्या तासाला मी वॉर्डातून सिस्टरांना बोलावते. हो, आता सिस्टर म्हणायचं तिला. बोटमोजी म्हणणाऱ्या सगळ्या पांगल्या. ती येते, तसाच कडक गणवेश घालून, आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसते.

“सिस्टर, त्या भिंतीवर काय होतं?” एका मुलीने विचारलं.

“बाईंचा नियम होता.”

“चूक होती म्हण,” मी मागून ओरडले. मुली दचकल्या. ती हसली, पण म्हण म्हटलं तरी म्हणाली नाही. खिशातून एक पाकीट काढून तिने वर धरलं आणि सांगितलं, “आधी हे वाचायचं. दरवेळी.” मग खडू घेऊन तिने फळ्यावर हिशेब मांडला, सावकाश, सगळ्या शून्यांसकट. लिटरभर सलाईन, बारा तास. मुली वह्यांवर वाकल्या.

मला उत्तर केव्हाच आलं होतं. तरी मी बाकाखाली हात घेतला आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवून तिच्याबरोबर मोजायला लागले.