पत्रिकेला पाडलेलं भोक

पळसदरीच्या धरणाकाठी दृष्टीबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबापुढे चष्म्यांनी भरलेली टोपली होती. "चष्मा म्हणजे डोळ्यांची कुबडी! फेका, आणि आमच्या सिद्ध यंत्रातून बघा!" तो माईकवर गर्जत होता. लोक चष्मा काढून पितळी चकती डोळ्याला लावत आणि लांबचा फलक घडाघडा वाचत. टाळ्यांचा कडकडाट होई.

सोनाली मात्र जळत होती. पुढच्याच रांगेत तिची चुलतबहीण जागृती बिनचष्म्याची मिरवत होती. दोघींचाही नंबर लहानपणापासून वाढत उणे नऊवर गेलेला. पण जागृतीने चष्मा टाकला, डॉक्टरांनी दिलेले डोळ्यांचे थेंबही टाकले, आणि लगेच तिची सुपारी फुटली. सोनालीला मात्र दोन स्थळांनी चष्म्यावरून नाकारलं होतं.

"तू पण बघ ना गं, सोने. श्रद्धा पायजे फकस्त," जागृती मागे वळून म्हणाली.

सोनालीने चकती लावली. फलक खरंच दिसला! पण चकतीच्या मधोमध सुईएवढं भोकही दिसलं. घरी येऊन तिने जागृतीच्याच लग्नपत्रिकेला जरा जोरातच सुई टोचली आणि चष्मा काढून त्यातून पाहिलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. बारीक भोकातून मोजकाच उजेड आत येतो, म्हणून धूसर चित्र रेखीव होतं. नंबर होता तिथेच राहतो.

दुसऱ्या दिवशी ती जागृतीचं नाक कापायलाच गेली. "हे घे तुझं यंत्र! बघ, एकेका डोळ्यानं."

उजव्या डोळ्याने जागृतीने वाचलं. डाव्याने मात्र ती चाचपडू लागली. सोनालीने पत्रिका बाजूला केली, तिचा उजवा डोळा झाकला आणि नाकाच्या बाजूला हात हलवला.

"हात दिसतो का?"

"कुठं हाय हात?"

सोनालीचा सगळा जळफळाट तिथेच विझला. तिला भीती वाटली.

कर्जतच्या डॉक्टरांनी दोघींना तपासलं. "मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट होतो, मागची नस नाजूक राहते. अशांना काचबिंदूचा धोका जास्त. तो दुखत नाही, गुपचूप नजर खातो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येते. जागृती, तुझ्या डाव्या डोळ्यात तोच आहे, मग थेंब का थांबवले?"

जागृती ढसाढसा रडली. सोनालीचे डोळे आज ठीक होते, पण दरवर्षी तपासायचे होते.

पुढच्या रविवारी जागृती जाड चष्मा घालून बाबाच्या मांडवात उभी राहिली. सोनाली तिच्या कानाशी कुजबुजली, "सासरचे बसलेत गं समोर."

"बसू दे. लगीन मोडलं तर मोडलं." जागृतीने भोकाची पत्रिका उंच धरली. "मंडळी, हा चमत्कार घरच्या सुईनं होतो! चष्मे उचला आपापले. मोठा नंबर असंल तर दरसाल डोळ्याची नस तपासा. माझी नजर गेली ती कुठलाच बाबा परत देनार नाय."

बाबा माईक सोडून पसार झाला. लोक टोपलीवर तुटून पडले. सोनालीला पुन्हा जागृतीचा, तिच्या धिटाईचा हेवा वाटला, पण या वेळी तिने तिचा हात घट्ट धरला.