मॅशीचा दांडा

दिवाळीच्या आदल्या दिवशी रेवदंड्याच्या बंदरात मचव्यातून उतरताना शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं. हाडवैद्यानं ते बसवलं, पण किंचित वाकडंच बसलं. "एकोणसाठाव्या वर्षी माणूस पायरी बघून उतरतो," असं आमच्या सौ. कोकिळाबाई म्हणाल्या. सणासुदीचा संसार एकटीवर पडल्यामुळे त्या आधीच तापल्या होत्या, म्हणून मी गप्प बसलो. एरवी मी गप्प बसणाऱ्यातला नाही.

मी मिठागराचा कारभारी. मालक पारशी शेठ, मुंबईला राहायचे. त्यांना गोल्फचा भारी नाद. सुरूच्या बनामागे जो कडक माळ आहे, त्यावर त्यांनी नऊ खड्डे करून घेतले होते. खेळायला सोबत पाहिजे म्हणून त्यांनी मला आणि लाकडाचे व्यापारी सिराजुद्दीन यांना धरून तो खेळ शिकवला. पुढे शेठ थकले, येईनासे झाले, आणि आम्ही दोघे तेवढे उरलो. एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही त्या माळावर होतो. गाव म्हणायचं, दोन म्हातारे काठ्यांनी गवतात बोरं शोधतात. म्हणेना का! मला त्या दोन तासांसाठी बाकीचा आठवडा सोसायचा.

आणि त्या वर्षी सिराजभाई हजला निघाले होते. रमजान ईद झाली की मुंबईहून बोट. वय चौसष्ट, छातीत कायमचा कफ. मागल्या खेपेला आमच्या बाजूचे तिघे गेले होते, त्यांतले दोघे तिकडेच राहिले.

"अंबाजीराव," ते मला म्हणाले, "जाण्याआधी एक डाव. पुरे नऊ खड्डे. परत आलो तर अल्लाची मेहेरबानी. नाही आलो, तर तेवढा तरी खेळून गेलो."

मी हो म्हणून बसलो, आणि माझं मनगट पेला उचलताना कुरकुरत होतं. पण तो डाव मला खेळायचाच होता. इतकं मला त्या वयात दुसरं काहीच नको होतं.

पौष लागला तसा मी एकटाच माळावर जाऊन हात चालवून बघायला लागलो. माझी जुनी मॅशी, म्हणजे मधल्या पल्ल्याची लोखंडी काठी, शेठनीच दिलेली. तिचा दांडा हिकरी नावाच्या विलायती लाकडाचा, जाड, ताठ. एकोणीस वर्षांत ती माझ्या हाताची झाली होती. पहिलाच चेंडू मारला आणि मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की मी खाली बसलो. लांब पल्ल्याची काठी तर उचलूही नये अशी गत. मग शेठच्या पुतण्याला पत्र टाकलं. तो भला माणूस, त्यानं मुंबईहून नव्या धर्तीची, पोलादी नळीच्या दांड्याची मॅशी धाडली. दिसायला सुरेख, वजनाला हलकी. चेंडू नेमका मध्यावर बसला तर काहीच जाणवायचं नाही, पण जरा पात्याच्या टोकाला लागला की बोटांत झिणझिण्या. माझे दहांतले आठ चेंडू टोकालाच लागतात, हे पुतण्याला कुठून ठाऊक असणार?

ईदेला आठ दिवस राहिले. शिरखुर्म्याच्या आमंत्रणासोबत सिराजभाईंनी विचारलं, "हात कसा?" मी म्हणालो, "उत्तम." खोटं बोललो.

त्या संध्याकाळी मिठागराच्या बांधावर उभा होतो. हंगाम नुकताच सुरू झाला होता. माणसं आणि बाया लांब दांड्याच्या लाकडी फळ्यांनी ओलं मीठ कडेला ओढत होती. मी रोज तेच बघतो. त्या दिवशी मात्र मी माणसं सोडून दांडे बघत राहिलो, आणि मला नामा आठवला.

नामाची गोष्ट सांगायची तर मला माझीच चहाडी करावी लागते. आगरात पूर्वी एक रीत होती. ओढणाऱ्याचा खांदा दुखायला लागला, मनगट गेलं, कंबर धरली, की तो नामाकडे जायचा. नामा त्याचा हात बघायचा आणि त्याच्या हाताजोगा दांडा बसवून द्यायचा. कुणाला आखूड, कुणाला बांबूचा लवचीक, कुणाची मूठ जाड. जुना दांडा नामाच्या दारात ठेवून यायचा. तो फुकट जायचा नाही, दुसऱ्या कुणाच्या हाताला बसायचा. यात कुणाला कमीपणा वाटत नसे. म्हातारी माणसं सत्तरीपर्यंत मीठ ओढायची.

सतरा साली शेठ मोठ्या पाहुण्यांना घेऊन येणार होते. मी तसा नवाच कारभारी, अंगात उत्साह मावत नव्हता. मला ते नाना तऱ्हांचे दांडे गबाळे दिसायला लागले. म्हातारे हलके दांडे घेऊन अंग चोरतात, असंही वाटलं. मी हुकूम काढला. सगळ्यांना ऐनाच्या जड लाकडाचे दांडे, एका मापाचे, एका जाडीचे, प्रत्येकावर डांबरानं नंबर. रांगेत उभे केले तेव्हा पलटणीसारखे दिसले. शेठनी माझी पाठ थोपटली. त्या हंगामात चार म्हाताऱ्यांनी काम सोडलं. मी म्हणालो, वय झालं. नामालाही काम उरलं नाही. तोही घरी बसला. सतरा वर्षं मी त्याच्या दारावरून घोड्यावरून गेलो आणि एकदाही उतरलो नाही.

आता उतरलो. दोन्ही मॅश्या काखेत मारून, तोंड कडू करून.

नामा ओट्यावर जाळं विणत होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण बोटं पोरासारखी चालत होती. मी काय म्हणणार होतो ते घरून पाठ करून आलो होतो. ते सगळं विसरलो आणि नुसता हात पुढे केला.

"कारभारी हाय व्हय," तो म्हणाला. "बोललात न्हाय, तरी जोड्याचा आवाज वळखला."

"नामा, मला एक दांडा पाहिजे."

तो हातातली जाळ्याची गाठ पुरी करत राहिला. आता घालून पाडून बोलेल म्हणून मी अंग आवळून उभा. बोलला असता तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं. त्यानं माझं मनगट हातात घेतलं, अंगठ्यानं दाबत कोपरापर्यंत गेला. मग ओल्या वाळूची टोपली आणवली, तिला दोरीनं दांडा बांधून मला ती अंगणातून ओढायला लावली. एका दांड्यानं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. हाताकडे त्याचं लक्षच नव्हतं. तोंड माझ्या तोंडाजवळ आणून तो माझा जबडा बघत होता.

"दुखलं का मानूस दात आवळतो," तो म्हणाला. "हाताला इचारलं तर हात खोटं बोलतो."

चौथ्या दांड्याला त्यानं मान हलवली. तो बांबूचा होता, बारीक, भरीव, मिठागराच्या पाण्यात मुरवलेला. मी काठी फिरवून खेळ कसा असतो ते दाखवलं. त्यानं पोलादी नळी एकदा वाकवून बघितली आणि बाजूला ठेवली.

"कारभारी, तुमचं मारताना न्हाय दुखत. मारलेलं थांबतं, तवा दुखतं. दांडा थोडा वाकला तर दुखनं दांड्यात र्‍हातं. आनि मूठ जाड पायजे. बारीक मूठ मानूस जास्त आवळतो."

"आणि लांब पल्ल्याची काठी?"

"ती ठेवा घरी. जास्त येळा मारा. घाई कसली हाय?"

एकोणीस वर्षांत मला शेठनीही इतकं नीट सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मॅशी तयार झाली. हिकरीचा दांडा काढून बांबू तासून बसवलेला, राळ भरून, वर सुतळीचे घट्ट वेढे. मुठीला जाड काथ्या आणि त्यावर कापड. रिवाजाप्रमाणे हिकरीचा दांडा मी त्याच्या दारात ठेवला. ठेवताना हात अडखळला, हे कबूल करतो. "नामा, त्या वेळचं..." असं काहीतरी मी सुरू केलं आणि तिथंच सोडलं. तो जाळ्याकडे वळला. मी चालू पडलो.

ईद झाली. सिराजभाई घरोघर जाऊन माफी मागत होते. हजला जाणाऱ्यानं तसं करायचं असतं. मागं कुणाचं मन दुखलेलं ठेवून जायचं नाही. माझ्याकडे येऊन दोन्ही हात धरून म्हणाले, "कहा-सुना माफ करा, अंबाजीराव." वीस वर्षांपूर्वी जिची पाटी पायानं उलटली होती, त्या कोळणीलाही ते शोधून आले.

मग रविवार उजाडला. वारा पडलेला, माळावर दव, सुरूच्या बनातून कोवळं ऊन. पहिला चेंडू मी मारला. पोलादी मॅशीनं जायचा तितका तो लांब गेला नाही, पण सरळ गेला, आणि हातात नुसती एक मऊ लहर आली. मला इतका आनंद झाला की मी भर माळावर मोठ्यानं हसलो. सिराजभाई म्हणाले, "माशाल्ला! तुमची काठी तर नाचते."

आठ खड्डे कसे संपले ते कळलं नाही. सिराजभाई खोकत होते, मी वरचेवर थांबत होतो. कुणालाच घाई नव्हती. आठव्यानंतर आम्ही नेहमीच्या खडकावर बसलो. नववा खड्डा समोरच होता, दोनशे पावलांवर. सिराजभाईंनी माझी मॅशी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली.

"कारागीर कोण?"

"नामा. आमच्या आगरातला. दांडे बसवायचा तो."

"बसवायचा? आता नाही?"

मग मी सांगितलं. हुकूम, पलटण, नंबर, चार म्हातारे, सगळं. मी सांगत होतो आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी मॅशी मांडीवर आडवी ठेवली.

"ऐनाचे दांडे," ते म्हणाले. "माणगावच्या बाजूनं आणले होते. मी पुरवले होते, अंबाजीराव. नामा तेव्हा माझ्या वखारीत आला होता. म्हणाला, शेठ, दोन जाडीचे द्या, म्हाताऱ्यांना हलके. मी म्हणालो, कारभाऱ्यांनी एकच माप लिहून दिलंय. हाकललं त्याला. विसरूनही गेलो." थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या सकाळी मचवा आहे."

आम्ही दोघांनी नवव्या खड्ड्याकडे बघितलं. मग ते उठले. मी चेंडू खिशात टाकला आणि आम्ही गावाच्या वाटेला लागलो.

नामा ओट्यावरच होता. सिराजभाई त्याच्यासमोर उभे राहिले, धाप लागलेली. "नामा, मी हजला चाललोय. वखारीतून तुला हाकललं होतं. माफ कर." मग माझ्याही तोंडून निघालं, जे आठ-दहा दिवसांपूर्वी अडकलं होतं. "हुकूम माझा होता. चूक माझी होती."

नामानं जाळं खाली ठेवलं. "माझी माफी देतो," तो म्हणाला. "दोगांना बी देतो. पन त्या चार जनांची माज्याकडं न्हाय. ती घेऊन गेले ते."

माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची मला लाज वाटली नाही. सिराजभाईंना खोकल्याची उबळ आली, ते ओट्याला धरून वाकले. नामा उठला. त्यानं चाचपडत त्यांचा उजवा हात धरला, अंगठ्यानं दाबत कोपरापर्यंत गेला, आणि तोंड जवळ आणून त्यांचा जबडा बघितला.

"लांब चालायचं हाय ना तिकडं?" त्यानं विचारलं. "काठी हाय?"

"नाही."

तो आत गेला आणि माझा हिकरीचा दांडा घेऊन आला. खालच्या टोकाला त्यानं आमच्यासमोर तांब्याची पट्टी ठोकली, वरचं टोक गोल करून सुतळी गुंडाळली, सिराजभाईंच्या हातात दिला आणि अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. "बसतो," म्हणाला. "न्या."

दुसऱ्या दिवशी मचवा सुटला तेव्हा सिराजभाई तो दांडा टेकून उभे होते.

हे झालं माघात. त्या आठवड्यात मी डांबराचे नंबर पुसून टाकले आणि नामाला बैलगाडीनं आगरात आणलं. पहिल्या दिवशी नऊ जणांनी हात दाखवले. त्यांत ठमाबाई होती. सहा वर्षं तिचा खांदा दुखत होता आणि मी रोज तिला बघत होतो.

आता मे संपत आला आहे. जिद्दाहून एक पत्र आलं, काठी चांगली चालते म्हणून. त्यानंतर काही नाही. बोट कुठल्याही दिवशी येईल. मी रविवारी माळावर जातो, बांबूच्या मॅशीनं आठ खड्डे खेळतो आणि घरी येतो.